यान तेच, कॅप्टन तोच, मग प्रत्येक सिनेमात आतला सेट वेगळा का? 'स्टार ट्रेक'मागचं गणित समजून घ्या

इन्स्टावर अशी एखादी रील तुम्ही पाहिली असेल. डावीकडे एका सिनेमातलं अंतराळयान, उजवीकडे त्याच सिरीजच्या पुढच्या सिनेमातलं तेच यान. नाव तेच, कॅप्टन तोच, पण खुर्ची वेगळी, भिंती वेगळ्या, बटणं गायब. खाली कमेंट ठरलेल्या. 'डायरेक्टरने आधीचा पार्ट बघितलाच नाही वाटतं.' 'एवढे पैसे घेतात आणि साधी कंटिन्युइटी जमत नाही.'

मी हॉस्टेलवर असताना 'स्टार ट्रेक'चे सिनेमे ओळीने बघायला घेतले होते. चौथा संपवून पाचवा लावला आणि मध्ये एखादा सिनेमा सुटला की काय म्हणून पुन्हा यादी तपासली. सुटला नव्हता. यानच आतून बदललं होतं.

२०२६ मध्ये 'स्टार ट्रेक'ला ६० वर्षं पूर्ण होतायत. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेच्या एनबीसी चॅनलवर पहिली मालिका सुरू झाली. तेव्हापासून 'एंटरप्राइज' नावाच्या यानाने इतकी रूपं बदललीत की या एका यानाकडे बघून सिनेमाचा धंदा कसा चालतो, ते समजतं. त्यामुळे तेच उदाहरण घेऊ.

आधी नेमका प्रश्न काय ते बघू

यान चालवायची जी मुख्य खोली असते, तिला 'ब्रिज' म्हणतात. मध्ये कॅप्टनची खुर्ची, समोर मोठा पडदा, गोलाकार भिंतीला कामाच्या जागा. 'स्टार ट्रेक'मधली निम्मी भांडणं इथंच होतात. म्हणून ब्रिज बदलला की प्रेक्षकाला ते लगेच खटकतं.

१९७९ च्या पहिल्या सिनेमात ब्रिज करडा, थंड, दवाखान्यासारखा आहे. १९८२ च्या दुसऱ्यात तोच ब्रिज नौदलाच्या युद्धनौकेसारखा वाटतो. तिसऱ्या सिनेमात यान नष्ट होतं. १९८६ च्या चौथ्याच्या शेवटी नवं 'एंटरप्राइज-ए' मिळतं आणि काही मिनिटं एक पांढराशुभ्र ब्रिज दिसतो. १९८९ चा पाचवा सिनेमा सुरू होतो तेव्हा कथेत फारसा काळ गेलेला नाही, तरी पांढरा ब्रिज गायब आहे आणि त्या जागी उबदार रंगाचा, सपाट काचेच्या पॅनेलचा वेगळाच ब्रिज आहे. १९९१ च्या सहाव्यात तोही काळवंडलेला.

हे चुकून झालं का? नाही. यातल्या जवळपास प्रत्येक बदलामागे कुणीतरी बसून हिशोब केलेला आहे.

कारण १ : सेट म्हणजे घर नाही, भाड्याची जागा आहे

आपल्याला पडद्यावर यान दिसतं. स्टुडिओला दिसतो तो लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक आणि वायरींचा डोलारा, आणि त्याने अडवून ठेवलेला एक साउंड स्टेज. शूटिंग संपलं की त्या स्टेजवर दुसरा प्रकल्प यायचा असतो. दोन सिनेमांमध्ये दोन-तीन वर्षं जातात. तेवढा वेळ एवढी मोठी जागा अडवून ठेवणं परवडत नाही. पुढचा सिनेमा येईलच याचीही खात्री नसते.

मराठी नाटकवाल्यांना हे सांगावं लागणार नाही. दौऱ्यावर निघणाऱ्या नाटकाचं नेपथ्य सुटं होऊन गाडीत बसलंच पाहिजे. कितीही देखणं असलं तरी जे बसत नाही, ते गावोगावी जात नाही. हॉलिवूडच्या सेटला प्रवास नसतो, पण मुक्कामाची हमीही नसते.

मूळ मालिका १९६९ ला ७९ भागांनंतर बंद झाली आणि तिचे सेट मोडीत निघाले. सत्तरच्या दशकात पॅरामाउंटने 'फेज टू' नावाची नवी मालिका काढायचं ठरवलं तेव्हा सगळं नव्याने उभारावं लागलं. सेटचं काम सुरू झालं, आणि तेवढ्यात १९७७ साली 'स्टार वॉर्स' आणि 'क्लोज एन्काउंटर्स' तुफान चालले. पॅरामाउंटचा बेत बदलला. मालिका रद्द, आता सिनेमा. मालिकेसाठी उभे राहत असलेले सेट मोठ्या पडद्यासाठी सुधारून घेतले गेले आणि त्यातून १९७९ चा सिनेमा तयार झाला.

पुढची गंमत अशी, की या सेटचा काही भाग १९८७ साली 'द नेक्स्ट जनरेशन' या नव्या मालिकेत गेला. कॉरिडॉर, इंजिनरूम, दवाखाना, सगळ्याला नवे रंग, नवी पॅनेलं आणि नवे कार्पेट मिळाले. कथेत ही मालिका कर्कच्या काळानंतर साधारण शंभर वर्षांनी घडते. म्हणजे एका शतकाचं अंतर रंगाच्या डब्यांनी पार केलं.

मग चाक उलटंही फिरलं. १९९१ चा सहावा सिनेमा करायची वेळ आली तेव्हा मालिका जोरात चालू होती आणि तिचे सेट उभे होते. म्हणून जुन्या कॅप्टन कर्कच्या सिनेमाने नव्या कॅप्टन पिकार्डच्या यानातल्या खोल्या उसन्या घेतल्या. मालिकेतला 'टेन फॉरवर्ड' नावाचा बार सिनेमात चक्क राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस झाला. मीटिंगरूममध्ये मेजवानीचं टेबल लागलं.

म्हणजे सेट का बदलला, याचं पहिलं उत्तर 'आधीचा सेट जागेवर नव्हता' किंवा 'होता, पण दुसऱ्याच्या ताब्यात होता' असं आहे.

कारण २ : आधीच्या सिनेमाचं बिल

१९७९ च्या सिनेमाचा खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेला. त्यात आधी रद्द झालेल्या बेतांचा खर्चही धरलेला होता. सिनेमाने कमाई चांगली केली, पण स्टुडिओचा जीव टांगणीला लागला होता. मग दुसऱ्या भागासाठी टीव्हीचा अनुभव असलेले निर्माते हार्व बेनेट यांना बोलावलं आणि बजेट ठेवलं सुमारे १.२ कोटी डॉलर. जवळपास चौथा हिस्सा.

'द रॅथ ऑफ खान' हा सिनेमा आजही या सिरीजमधला सर्वोत्तम म्हणून ओळखला जातो. त्याचा जवळपास ६५ टक्के भाग एकाच सेटवर शूट झालाय. सुरुवातीला प्रशिक्षणाची खोली दिसते, ती 'एंटरप्राइज'च्या ब्रिजचाच सेट. खलनायक खान ज्या 'रिलायंट' यानातून हल्ला करतो, त्याचा ब्रिजही तोच. खुर्च्या हलवल्या, लाइट बदलले, रंग बदलला, झालं शत्रूचं यान तयार. पहिल्या सिनेमासाठी चित्रित केलेली यानाची काही दृश्यंही पुन्हा वापरली गेली.

आता हे लक्षात घेऊन सिनेमा परत बघा. कर्क आणि खान संपूर्ण सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत. सगळं भांडण स्क्रीनवरून. दोघांची दृश्यं चार महिन्यांच्या अंतराने शूट झाली. दोन यानं आणि त्यांच्यात न ओलांडता येणारं अंतर, हा सिनेमाचा सगळ्यात ताणलेला भाग आहे, आणि एकच सेट आळीपाळीने दोन्ही यानं म्हणून वापरायला त्याची सोयही झाली.

कारण ३ : टीव्हीचा पडदा आणि थिएटरचा पडदा

हे कारण कमेंटमध्ये सहसा कुणी लिहीत नाही, पण बदल घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही नवीन होता. एनबीसीची मालक कंपनी आरसीए होती आणि आरसीए रंगीत टीव्ही संच विकायची. त्यामुळे चॅनलला रंग दिसायला हवे होते. लाल कठडे, पिवळे-निळे-लाल गणवेश, मिठाईसारखी चमकणारी बटणं यामागे भविष्याची कल्पना होतीच, पण घरातल्या छोट्या, धूसर पडद्यावर रंग उठून दिसावा हाही हेतू होता.

तोच सेट थिएटरच्या पडद्यावर आणला असता, तर प्लायवूडचे जोड आणि ब्रशचे फटकारे शेवटच्या रांगेतूनही दिसले असते. टीव्हीवर जे खपून जातं, ते तीस-चाळीस फुटी पडद्यावर खपत नाही.

दुसरा मुद्दा आकाराचा. जुना टीव्ही जवळपास चौकोनी होता, म्हणजे ४:३. सिनेमाचा पडदा उंचीच्या दुप्पटीपेक्षाही जास्त रुंद असतो. चौकोनी फ्रेमसाठी आखलेली खोली रुंद फ्रेममध्ये घेतली की दोन्ही बाजूंना रिकामी भिंत उरते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे १९९४ चा 'जनरेशन्स'. 'द नेक्स्ट जनरेशन' मालिकेचे सात सीझन आणि १७८ भाग झाले, आणि तीच टीम पाठोपाठ सिनेमाच्या कामाला लागली. यान तेच, सेटही तोच. तरी ब्रिजवर बदल करावे लागले. दोन्ही बाजूंना कामाच्या नव्या जागा आल्या, म्हणजे रुंद फ्रेम भरली. कॅप्टनच्या खुर्चीचा चौथरा उंच केला. आणि मालिकेतला सगळीकडे सारखा पडणारा पांढरा उजेड जाऊन सावल्या आल्या. मालिकेत दर आठवड्याला वेळेत एपिसोड काढायचा असतो, त्यामुळे प्रत्येक शॉटसाठी वेगळी प्रकाशयोजना करत बसायला सवड नसते. सिनेमात ती असते.

या सिनेमाच्या शेवटी ते यान कोसळतं. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'साठी जॉन ईव्ज आणि हर्मन झिमरमन यांनी नवं 'एंटरप्राइज-ई' आखलं, लांबट आणि सडपातळ. रुंद पडद्यावर ते शोभून दिसतं. पण तिथंही काटकसर सुटली नाही. या नव्याकोऱ्या यानाचा दवाखाना म्हणजे तेव्हा चालू असलेल्या 'व्हॉयेजर' मालिकेचा दवाखाना होता.

कारण ४ : नव्या दिग्दर्शकाला वेगळी गोष्ट सांगायची असते

पैसे आणि पडदा एवढंच कारण असतं, तर सगळे बदल सारखेच दिसले असते. ते तसे दिसत नाहीत, कारण प्रत्येक दिग्दर्शक यानाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

पहिल्या सिनेमाचे दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना भव्य, शांत, गूढ अंतराळप्रवास दाखवायचा होता. दुसऱ्याचे निकोलस मेयर यांच्या डोक्यात समुद्र होता. त्यांच्यासाठी 'एंटरप्राइज' म्हणजे युद्धनौका आणि कर्क म्हणजे जुन्या काळचा नौदल कप्तान. सेट बहुतांश तोच, पण त्यांनी यानावर घंटा आणली, नौदलाची शिट्टी आणली, लुकलुकणारे दिवे आणि पाट्या वाढवल्या. फिकट गणवेश जाऊन गडद लाल आले. भिंती फार न हलवता सगळा मूड बदलला.

हेच मेयर १९९१ मध्ये सहाव्या सिनेमासाठी परत आले. तेव्हा शीतयुद्ध संपत होतं आणि कथाही दोन महासत्तांच्या कटू तहाची होती. त्यांनी यान पुन्हा अंधारं, धातूचं, कोंदट केलं. पाचव्या सिनेमातला प्रसन्न ब्रिज त्या कथेत विसंगत वाटला असता.

२००९ मध्ये जे. जे. अब्राम्स आले तेव्हा गणित उलटं होतं. बजेट सुमारे १५ कोटी डॉलर, आणि प्रेक्षक असा ज्याने जुनी मालिका पाहिलीच नव्हती. प्रॉडक्शन डिझायनर स्कॉट चॅम्बलिस यांनी मूळ ब्रिजची मांडणी ठेवली, मध्ये खुर्ची आणि भोवती गोल, पण सगळं पांढरं, चकचकीत, काचेचं केलं. लोकांनी त्याला 'अ‍ॅपलचं दुकान' म्हणून चिडवलं. इंजिनरूमसाठी मात्र सेट बांधण्याऐवजी लॉस एंजेलिसमधल्या बडवायझर बिअरच्या कारखान्यात शूटिंग केलं. वर चकचकीत शोरूम आणि खाली मोठमोठ्या टाक्या आणि पाइपांचं जाळं. अनेक चाहत्यांना ते आजही पटलेलं नाही. २०१३ च्या पुढच्या सिनेमात यानाचा गाभा म्हणून कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या खऱ्याखुऱ्या लेझर प्रयोगशाळेत शूटिंग झालं. म्हणजे अब्राम्स यांच्या दोन सिनेमांत कॅप्टन तोच, यान तेच, आणि इंजिन वेगळं!

कारण ५ : भविष्य लवकर जुनं होतं

ऐतिहासिक सिनेमात शनिवारवाडा दाखवायचा तर तो कसा होता, हे कागदावर सापडतं. बाविसाव्या-तेविसाव्या शतकातलं यान कुठल्याच कागदावर नाही. ते आजच्या माणसाला 'भविष्य' वाटलं पाहिजे, एवढीच त्याची कसोटी. आणि आजचा माणूस बदलत राहतो.

१९६६ मध्ये भविष्य म्हणजे बटणं आणि दिवे. १९७९ मध्ये भविष्य म्हणजे हलती चित्रं दाखवणारे स्क्रीन. ते स्क्रीन खरे नव्हते. भिंतीमागे प्रोजेक्टर ठेवून फिल्म फिरवली जायची, आणि त्या प्रोजेक्टरचा आवाज संवादांत यायचा. १९८७ नंतर ग्राफिक डिझायनर मायकल ओकुडा यांनी वेगळा मार्ग शोधला. काळ्या सपाट पॅनेलवर छापलेली रंगीत रेखाटनं आणि मागून दिवा. यात खरी बटणं बसवायची नाहीत, वायरिंग कमी, खर्च कमी. स्वस्तात काम व्हावं म्हणून निघालेली ही युक्ती पुढे टचस्क्रीनची चाहूल देणारी ठरली. चाहते तिला प्रेमाने 'ओकुडाग्राम' म्हणतात.

आता विचार करा. आज तुमच्या खिशातला मोबाइल जर यानाच्या कंट्रोल पॅनेलपेक्षा भारी दिसत असेल, तर ते यान भविष्यातलं वाटेल का? म्हणूनच २०२२ ला आलेली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही मालिका कर्कच्या आधीच्या काळातली असूनही तिचा ब्रिज १९६६ च्या ब्रिजपेक्षा आधुनिक दिसतो. कथेच्या तारखेनुसार तो जुना आहे, पण बघणारा २०२२ मधला आहे.

मग कथेत याचं काय स्पष्टीकरण देतात?

इथं लेखकांना कामाला लावलं जातं. त्यांची ठरलेली तीन उत्तरं आहेत.

पहिलं, दुरुस्ती. १९७९ च्या सिनेमात सांगितलंय की यान १८ महिने नव्याने बांधून घेतलं. दुसरं, यान नष्ट करून नवं आणायचं, जसं १९८४ आणि १९९४ मध्ये झालं. तिसरं, काळाचा प्रवाहच फोडायचा. २००९ च्या सिनेमात भविष्यातून आलेल्या एका यानामुळे इतिहास बदलतो, त्यामुळे नंतरचं सगळं वेगळं दिसायला हरकत नाही.

आणि चौथं उत्तर म्हणजे गप्प बसणं. चौथ्या आणि पाचव्या सिनेमाच्या मधला पांढरा ब्रिज कुठे गेला, यावर पडद्यावर कुणीही अवाक्षर काढत नाही.

मग चाहत्यांचा राग चुकीचा आहे का?

पूर्णपणे नाही. आणि इथं खरा मुद्दा येतो.

अशा सिरीजचा प्रेक्षक एक करार करून बसलेला असतो. 'हे जग खोटं आहे हे मला माहीत आहे, पण तुम्ही ते सांभाळलंत तर मी ते खरं मानेन.' सेट ही त्या करारावरची सही आहे. कारण न देता भिंत बदलली की प्रेक्षकाला वाटतं, आपण लक्ष देऊन बघत होतो, बनवणारे नव्हते.

शिवाय स्टुडिओला हवं तेव्हा जुना सेट हुबेहूब उभा राहतो, हेही दिसलंय. १९९६ मध्ये ३० वर्षं पूर्ण झाली म्हणून 'डीप स्पेस नाइन' मालिकेने एका भागासाठी साठच्या दशकातल्या यानाचे भाग जसेच्या तसे उभारले आणि नव्या कलाकारांना जुन्या दृश्यांत मिसळलं. २०२३ मध्ये 'पिकार्ड'च्या तिसऱ्या सीझनसाठी 'एंटरप्राइज-डी'चा ब्रिज कार्पेटसकट पुन्हा बांधला. तो पडद्यावर येतो तेव्हा म्हातारे झालेले कलाकार आणि म्हातारे झालेले प्रेक्षक एकाच वेळी गहिवरतात.

पण नीट बघा. या दोन्ही वेळी जुना सेट 'आठवण' म्हणून आलाय. पात्रं तिथं परत जातात, बघतात, डोळे पुसतात. रोजची नवी गोष्ट तिथं घडत नाही. जुन्या घरी जाऊन आल्यावर छान वाटतं, पण राहायला आपण नव्या घरीच असतो. तसंच काहीसं.

माझ्या मते राग करायचाच असेल, तर सेट बदलला याचा करू नये. तो जपला गेला नाही, याचा करावा. १९६९ मध्ये मोडीत काढलेल्या लाकडाला आज किती किंमत आली असती! मूळ यानाचं सुमारे ११ फुटी मॉडेल वाचलं, कारण ते १९७४ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं. २००६ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने 'स्टार ट्रेक'मधल्या वस्तू विकल्या, तेव्हा 'एंटरप्राइज-डी'चं मॉडेल ५,७६,००० डॉलरला गेलं. आणि मूळ सेट आतून फिरून बघायचा असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या टिकोंडेरोगा या छोट्या गावात जावं लागतं. तिथं आहे ती चाहत्यांनी मेहनतीने उभारलेली प्रतिकृती. ज्यांना ते फक्त प्लायवूड वाटलं त्यांनी फेकलं, आणि ज्यांनी त्यावर प्रेम केलं त्यांनी पुन्हा बांधलं.

आता पुढे काय?

सध्याच्या मालिका आणि सिनेमे एलईडीच्या प्रचंड भिंतीसमोर शूट होतात. मागचं दृश्य कम्प्युटरवरून येतं. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्येही हे तंत्र वापरलंय. वरवर पाहता प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. फाइल जपायला गोदाम लागत नाही, दहा वर्षांनी उघडली की यान तयार.

पण आपण वर पाहिलेल्या पाच कारणांपैकी जागेचं कारण तेवढं यामुळे हलकं होतं. बजेट बदलेल, पडदा बदलेल (आता तो उभा मोबाइलही असू शकतो), दिग्दर्शक बदलेल आणि आपली भविष्याची कल्पना तर बदलणारच. शिवाय कलाकाराला हात टेकायला कठडा आणि बसायला खुर्ची लागतेच, म्हणजे थोडं प्लायवूड राहणारच.

'स्टार ट्रेक'चा थिएटरमध्ये आलेला शेवटचा सिनेमा २०१६ चा. पुढचा जेव्हा येईल तेव्हा ब्रिज नक्की बदललेला असेल आणि रील्सही नक्की येतील. तेव्हा 'डायरेक्टरने आधीचा पार्ट बघितला नाही' असं लिहिण्याआधी एक करून बघा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि काय बदललं यासोबत काय बदललं नाही तेही शोधा. साठ वर्षांत रंग गेले, बटणं गेली, कार्पेट आलं आणि गेलं. पण मधली खुर्ची, समोरचा पडदा आणि भोवती बसलेली माणसं तशीच आहेत. मॅट जेफरीज नावाच्या कला दिग्दर्शकाने १९६० च्या दशकात कमी पैशात आखलेली ती मांडणी पुढच्या कुणालाच मोडावीशी वाटली नाही.